न्यूझीलंडची रोड ट्रिप निराश करू नये म्हणून: पुण्यात बसून करायची तयारी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर स्वतः गाडी चालवत फिरून आलेली पुण्यातली मंडळी भेटतात, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांचा सूर पडलेला असतो. माणशी काही लाख खर्च झालेले असतात, फोटोही छान आलेले असतात. पण दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "अर्धी ट्रिप गाडीतच गेली" आणि "आम्ही गेलो तेव्हा नेमका पाऊस होता." देश सुंदर आहे, रस्ते उत्तम आहेत, माणसं मदतीला तत्पर आहेत. तरीही हे होतं.

मी तिथे गाडी चालवली आहे आणि आता नातेवाइकांचे, मित्रांचे कार्यक्रम आखून द्यायला बसतो. माझं मत ठाम आहे: ही निराशा बहुतेक वेळा पुण्यात कार्यक्रम आखतानाच ठरून गेलेली असते. अंतर किलोमीटरमध्ये मोजलेलं, रोज मुक्काम बदलायचा आणि पावसासाठी एकही दिवस राखीव नाही, असा कार्यक्रम कितीही सुंदर देशात फसणारच. म्हणून तयारीचा क्रम इथे सविस्तर देतो. आधी देशाचा स्वभाव, मग महिना, मग मार्ग, त्यानंतर कागदपत्रं आणि गाडी. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात. विमानाची स्वस्त तिकिटं दिसली की आधी ती काढतात आणि बाकी सगळं त्या तारखांत कोंबतात.

आधी नकाशा उघडा आणि डोंगर कुठे आहेत ते पाहा

दक्षिण बेटाचं क्षेत्रफळ साधारण दीड लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याएवढं. लोकवस्ती मात्र बारा लाखांच्या आसपास. एवढ्या मोकळ्या भागात दोन गावांच्या मध्ये तास-दीड तास काहीही नसणं नेहमीचं आहे. पेट्रोल पंप, दुकान, स्वच्छतागृह आणि मोबाइलची रेंज, यांतलं काहीच नसतं.

बेटाच्या पश्चिम अंगाला उत्तर-दक्षिण अशी सदर्न आल्प्सची रांग उभी आहे. पश्चिमेकडून, टास्मन समुद्रावरून येणारे दमट वारे या रांगेवर आदळतात आणि सगळं पाणी पश्चिमेलाच टाकून देतात. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पश्चिम किनारा म्हणजे तिथलं कोकण आणि पूर्वेचा टेकापो-ख्राइस्टचर्चचा भाग म्हणजे पर्जन्यछायेतला देश. पश्चिमेच्या मिलफर्ड साउंड या डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ख्राइस्टचर्चला सहाशेच्या आसपास. फरक एवढाच की आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो, तर तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर तो वर्षभर कधीही येतो. त्यामुळे "पावसाळा टाळून जाऊ" हा आपला हिशेब तिथे चालत नाही.

एवढं कळलं की निम्मं आखणीचं काम झालं. पश्चिमेला मुसळधार असते, त्याच दिवशी रांगेच्या पूर्वेला लख्ख ऊन असू शकतं. मुक्काम असे निवडा की गरज पडल्यास दिवसांची अदलाबदल करता येईल.

महिना ठरवताना फोटोंवर विसंबू नका

आपल्या सुट्ट्या दोन: मे महिना आणि दिवाळी. तिथे ऋतू उलटे. मे म्हणजे शरद ऋतूची अखेर. मेच्या मध्याला क्वीन्सटाउनला सूर्य सकाळी आठच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास मावळतो. म्हणजे हाताशी जेमतेम नऊ तासांचा उजेड. डिसेंबरअखेर त्याच गावात रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. कार्यक्रम तोच, पण मे महिन्यात तो अंधारात अडकतो. "सहा वाजता पोहोचू, मग तळ्याकाठी फिरू" असं लिहिलेल्या ओळीला मे महिन्यात अर्थच उरत नाही.

टेकापो तळ्याकाठच्या जांभळ्या-गुलाबी ल्युपिन फुलांचे फोटो पाहून कित्येक जण ट्रिप ठरवतात. ही फुलं साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत असतात. मेमध्ये गेलात तर काठावर वाळलेले दांडे आणि दगड दिसतील. एखादं दृश्य हेच तुमच्या ट्रिपचं मुख्य कारण असेल, तर ते कोणत्या आठवड्यात असतं हे तिकिटं काढायच्या आधी शोधा.

माझी शिफारस अशी: शाळकरी मुलं बरोबर नसतील तर फेब्रुवारी-मार्च. दिवस मोठे, हवा त्यातल्या त्यात स्थिर आणि स्थानिक शाळांच्या सुट्ट्या संपलेल्या. एप्रिलमध्ये अ‍ॅरोटाउन आणि वानाकाच्या परिसरात पानगळीचे रंग सुंदर असतात. दिवाळीत जायचं तर जा, पण तो तिथला वसंत. वारा आणि पाऊस जास्त धरून चाला. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत तिथल्या सगळ्या देशाचीच सुट्टी असते. तेव्हा मुक्काम महाग आणि भरलेले असतात.

जून ते ऑगस्टमध्ये बर्फावर गाडी चालवायचा अनुभव नसेल तर स्वतः चालवायचा हट्ट धरू नका.

किलोमीटर बाजूला ठेवा, तास लिहा

सगळ्यात जास्त ट्रिप इथे बिघडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

पुण्याहून कोल्हापूरला जाताना २३० किलोमीटर म्हणजे साधारण किती वेळ, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. तोच आकडा आपण परदेशातल्या नकाशावर लावतो. न्यूझीलंडमध्ये मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादा सहसा ताशी १०० आहे, हे वाचल्यावर तर हिशेब आणखी उतावळा होतो. प्रत्यक्षात तिथले राज्य महामार्ग म्हणजे बहुतेक ठिकाणी येणारी एक आणि जाणारी एक अशा दोनच लेन. मध्ये दुभाजक नाही, वळणं सतत, ठिकठिकाणी एकपदरी पूल. सरासरी वेग सहसा ताशी ६० ते ७५ च्या पुढे जात नाही.

काही खरे आकडे पाहा. ख्राइस्टचर्च ते टेकापो २३० किलोमीटर, तीन तास. टेकापो ते आओराकी माउंट कुक गाव १०५ किलोमीटर, सव्वा तास. वानाका ते फ्रान्झ जोसेफ २८५ किलोमीटर, चार तासांच्या वर. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंड २८७ किलोमीटर, चार तास, तेवढेच परत. हा सगळा वेळ कुठेही न थांबता लागणारा आहे. आणि तुम्ही तर थांबायलाच चालला आहात.

म्हणून हे करा. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये जो वेळ दिसतो त्याला दीडने गुणा. गुणून आलेला आकडा सहा तासांच्या वर गेला तर तो दिवस मोडा आणि मध्ये मुक्काम घाला. लागोपाठ दोन दिवस लांबचा प्रवास नको. दर तीन मुक्कामांमागे किमान एक ठिकाण असं असू दे जिथे दोन रात्री आहेत आणि दुसऱ्या दिवशी गाडी जागची हलली नाही तरी बिघडत नाही.

गाडी चालवणाऱ्याचाही विचार करा. घरात एकटाच माणूस चालवणार असेल, तर पुकाकी तळ्याचा निळा रंग बाकीचे पाहतात आणि तो रस्त्याची पांढरी रेघ पाहतो. आठवडाभराने तो चिडचिडा होतो आणि गाडीतलं वातावरण बिघडतं. दोघांनी चालवा, दोघांची नावं करारात घाला आणि दर तासा-दीड तासाने थांबायची जागा आधीच हेरून ठेवा. माउंट कुकच्या रस्त्यावर पीटर्स लुकआउट आहे, ओमारामा आणि टारासच्या मध्ये लिंडिस पासचा थांबा आहे. अशा अधिकृत थांब्यांवरच गाडी बाजूला घ्या. फोटोसाठी रस्त्यात किंवा वळणावर गाडी उभी करणं तिथे जिवाशी खेळ आहे.

दहा-बारा दिवस असतील तर मी उत्तर बेट पूर्ण सोडायला सांगतो. ऑकलंड ते वेलिंग्टन साडेसहाशे किलोमीटर, मग कुक सामुद्रधुनी ओलांडायला साडेतीन तासांची फेरीबोट, मग पिक्टन ते ख्राइस्टचर्च आणखी ३४० किलोमीटर. "एवढे लांब चाललोच आहोत तर" या वाक्यापायी दोन्ही बेटं हाती लागत नाहीत. पश्चिम किनाराही मी दहा दिवसांत धरत नाही. ख्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, वानाका, ते आनाउ, मिलफर्ड आणि शेवटी क्वीन्सटाउन. एवढं केलं तरी गाडी बाराशे किलोमीटरच्या आसपास चालते. क्वीन्सटाउनलाच गाडी परत करून तिथून विमान पकडलं की परतीचा एक पूर्ण दिवस वाचतो. एका गावी गाडी घेऊन दुसरीकडे सोडण्याचे जादा पैसे लागतात; ते द्यावेत, दिवस त्याहून मोलाचा आहे.

चौदा-पंधरा दिवस असतील तर वानाकाहून हास्ट पासमार्गे पश्चिम किनारा धरा. ग्रेमाउथपर्यंत जाऊन आर्थर्स पासवरून ख्राइस्टचर्चला या. तेव्हा पश्चिमेला किमान तीन रात्री ठेवा.

जे आता दिसत नाही ते यादीतून काढा

फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ या दोन हिमनद्यांबद्दल पुण्यात अजूनही जुन्या माहितीवर बोललं जातं. "पार्किंगपासून चालत बर्फापर्यंत जाता येतं" हे एकेकाळी खरं होतं. दोन्ही हिमनद्या झपाट्याने मागे हटल्या आहेत. फ्रान्झ जोसेफवर पायी चढून जाण्याच्या सहली २०१२ मध्ये थांबल्या. आता बर्फावर उतरायचं तर हेलिकॉप्टरच. फॉक्स हिमनदीच्या दरीत जाणारा रस्ता २०१९ च्या अतिवृष्टीत आणि दरड कोसळून उद्ध्वस्त झाला आणि कायमचा बंद झाला. आता खालून, दुरूनच दर्शन. हेलिकॉप्टर महाग असतं आणि ढग असले की रद्द होतं. पश्चिम किनाऱ्यावर ढग किती वेळा असतात हे वर सांगितलंच आहे.

तेव्हा त्या भागात जाणार असाल तर हिमनदी हा बोनस समजा. मुख्य म्हणून लेक मॅथेसन धरा. पहाटे वारा पडलेला असताना काळसर पाण्यात माउंट कुक आणि माउंट टास्मनचं प्रतिबिंब पडतं. पुनाकाइकीचे पॅनकेक रॉक्स, म्हणजे एकावर एक थर रचल्यासारखे खडक, भरतीच्या वेळी, समुद्र खवळलेला असताना जास्त रंगतात. ओहोटीला गेलात तर नुसते खडक पाहून परत याल. भरतीची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा.

माउंट कुकच्या पायथ्याची हूकर व्हॅलीची वाट सोपी आणि अतिशय सुंदर, जाऊन-येऊन दहा किलोमीटर. तिथे २०२५ मध्ये दुसऱ्या झुलत्या पुलाच्या जागी नवा पूल बांधायला वाटेचा वरचा भाग बंद केला गेला. असे बदल सतत होत असतात. वाटांची ताजी स्थिती डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशन या तिथल्या निसर्गसंवर्धन खात्याच्या संकेतस्थळावर असते. निघायच्या आधीच्या आठवड्यात तुमच्या यादीतली प्रत्येक वाट तिथे तपासा.

एका रविवारी रंगीत तालीम करा

पुण्यात राहण्याचा हा मोठा फायदा आहे. सगळे जे बरोबर येणार आहेत त्यांना घ्या, पहाटे निघा आणि ताम्हिणीमार्गे दिवेआगरला जा. अंतर सुमारे १६० किलोमीटर, वेळ चार तास, रस्ता घाटाचा, वळणांचा. ते आनाउ ते मिलफर्डच्या रस्त्याची चुणूक यात मिळते.

या एका दिवसात पुष्कळ कळतं. कुणाला मागच्या सीटवर मळमळतं, आईंना किती वेळाने पाय मोकळे करावे लागतात, मुलं कितव्या तासाला "अजून किती?" विचारायला लागतात, हे लिहून ठेवा आणि त्यावर तिथला दिवस बेता. आजी-आजोबा बरोबर असतील तर दिवसाला तीन तासांच्या वर गाडी नको, हे माझं ठरलेलं माप आहे.

त्याच दिवशी परत येताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: तिथे जाऊन एकच गोष्ट करायची असेल तर कोणती? माझ्या ओळखीतल्या कोथरूडच्या एका कुटुंबात बाबांचं उत्तर होतं "तारे", आईचं "बोटीतून धबधबे" आणि मुलीचं "मेंढीचं पिल्लू हातात घ्यायचं". यादीत तोपर्यंत वीसेक ठिकाणं होती. यांतल्या तिन्ही गोष्टी त्यांतल्या चार ठिकाणी होत होत्या. मग बाकीची कापायला कुणाचाच विरोध राहिला नाही. टेकापोचा परिसर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेला भाग, म्हणून मान्य आहे, पण तिथेही पौर्णिमेच्या आसपास आकाश उजळून जातं. ताऱ्यांसाठी जाणार असाल तर कालनिर्णय पाहून अमावास्येच्या आगेमागे मुक्काम ठेवा.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडचा व्हिसा आधी घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो आणि त्याबरोबर १०० न्यूझीलंड डॉलरची पर्यटक लेव्ही भरावी लागते. सिडनी किंवा मेलबर्नवरून जाणारं विमान स्वस्त दिसलं तरी थांबा: नुसतं विमान बदलायलाही भारतीयांना ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. सिंगापूरमार्गे ही कटकट नाही.

आपलं स्मार्ट कार्ड लायसन्स इंग्रजीत असल्याने तिथे चालतं. तरीही इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्याच. गाडी भाड्याने देणारे ते मागू शकतात आणि काउंटरवर वाद घालण्यात सकाळ जाते. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर करायचा, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्षाची. पासपोर्ट, व्हिसा आणि लायसन्सवरचं नाव जुळतं का ते आधी पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत इथेच अडतं. लायसन्स आणि परमिट दोन्ही मूळ प्रती बरोबर ठेवा.

गाडी घेताना

विमानतळावर उतरल्या उतरल्या गाडी घेऊ नका. पुण्याहून निघून तिथे पोहोचेपर्यंत साधारण एक दिवस जातो, वर घड्याळ साडेसहा तास पुढे (सप्टेंबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेसात). अशा अवस्थेत अनोळखी रस्त्यावर चालवणं धोक्याचं आहे. पहिली रात्र ख्राइस्टचर्चला झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्या.

मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्ड पुष्कळ ठिकाणी नाकारतात. कार्डवर ठरावीक रक्कम अनामत म्हणून अडकवली जाते, तेवढी मर्यादा मोकळी ठेवा. आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधीच चालू करा आणि कार्डचा पिन पाठ असू द्या. गावाबाहेरचे बरेच पेट्रोल पंप बिनमाणसांचे असतात, तिथे कार्ड आणि पिन हाच मार्ग.

विम्यात 'एक्सेस' नावाची रक्कम असते. नुकसान झाल्यास तेवढे पैसे तुमच्या खिशातून जातात. जास्त पैसे भरून ती शून्यावर आणता येते. मी ती आणायला सांगतो. पण शून्य एक्सेसमध्येही काय येत नाही ते वाचा: गाडीचं छत, खालचा भाग, चुकीचं इंधन, आणि करारात बंदी असलेले रस्ते. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि माउंट कुकजवळचा बॉल हट रोड बहुतेक करारांत वगळलेले असतात. डिझेलच्या गाडीला वेगळा रोड यूजर चार्ज, म्हणजे किलोमीटरप्रमाणे रस्ता कर, लागतो. भाडं कमी दिसलं तरी तो धरून हिशेब करा.

गाडी ताब्यात घेताना व्हिडिओ काढा. चारही बाजू, चारही चाकांच्या रिम, समोरच्या काचेवरचे टिचके, छत, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा, सगळं एकाच सलग व्हिडिओत. मग पार्किंगमध्येच दहा मिनिटं बसा. गाडी बहुधा ऑटोमॅटिक असेल आणि पुष्कळ जपानी गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला, वायपरची डाव्या हाताला असते. तुमच्या घरच्या गाडीत याच्या उलट असेल, तर वळायला जाल आणि वायपर सुरू होईल. हात बसेपर्यंत शहराबाहेर पडू नका.

रस्त्यावर

तिथेही डावीकडूनच चालवायचं, ही मोठी सोय. त्यामुळेच बेफिकिरी येते.

राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे जो पुढे घुसेल तो जातो. तिथे तसं केलंत तर धडक होईल, कारण समोरचा तुम्ही थांबणार हे गृहीत धरून येत असतो. तुमच्या बाजूला सलग पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक नाही. मागे गाड्या साचल्या तर सुरक्षित जागा पाहून डावीकडे घ्या आणि त्यांना जाऊ द्या. स्थानिक लोक याची मनापासून अपेक्षा करतात. हॉर्न वाजवायची वेळ जवळजवळ येतच नाही.

एकपदरी पुलाआधी बाणांची पाटी असते. तुमच्या दिशेचा बाण लाल आणि छोटा असेल तर तुम्ही थांबायचं. तुमची पाळी असली तरी पुलावर आधीच कुणी आलेलं असेल तर ते पार होईपर्यंत वाट पाहा. सात वर्षांखालच्या मुलांना चाइल्ड सीट कायद्याने बंधनकारक आहे. गाडीबरोबरच ती बुक करा.

मिलफर्डचा दिवस कसा बेतायचा

सगळ्या ट्रिपचा हा कळसाचा दिवस. क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन यायचा बेत करू नका. आठ तास गाडी आणि दोन तास बोट यांत माणूस पार पिळून निघतो. ते आनाउला दोन रात्री घ्या. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटर.

ते आनाउला टाकी भरा. त्यानंतर मोबाइलची रेंज जवळपास नाही, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड केलेला हवा. सकाळी लवकर निघा आणि सकाळचीच बोट घ्या; क्वीन्सटाउनच्या बसेस दुपारी पोहोचतात तेव्हा गर्दी होते. मे ते नोव्हेंबरमध्ये या रस्त्यावर बर्फाच्या साखळ्या गाडीत ठेवाव्या लागतात. निघायच्या दिवशी सकाळी न्यूझीलंड ट्रान्सपोर्ट एजन्सीच्या जर्नी प्लॅनरवर रस्ता उघडा आहे का पाहा. फेब्रुवारी २०२० च्या पुरात हा रस्ता जागोजागी वाहून गेला होता.

पुढे होमर बोगदा लागतो. १९५४ मध्ये खुला झालेला, सव्वा किलोमीटर लांबीचा, कातळ तसाच ठेवलेला. गर्दीच्या काळात सिग्नल लावून एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात. या रांगेत थांबलात की हिरवट पिसांचे किआ पोपट येतात. ते थेट बॉनेटवर उतरतात, मान तिरकी करून काचेतून आत बघतात आणि मग वायपरचं रबर किंवा दाराची रबरी पट्टी चोचीने ओढायला लागतात. मुलांना हे दृश्य बोटीपेक्षा जास्त लक्षात राहतं. त्यांना काही खायला घालू नका, काचा वर ठेवा.

आणि पाऊस आला तर? इथे तरी पावसाने हिरमुसू नका. कोरड्या दिवशी मिलफर्डला लेडी बोवेन आणि स्टर्लिंग हे दोन मोठे धबधबे बारमाही दिसतात. मुसळधार पावसात दोन्ही कड्यांवरून शेकडो धारा कोसळतात, वारा आला की काही अधांतरीच उडून जातात. ताम्हिणीत जुलैत जे आवडतं ते इथे शंभरपट आहे. चांगला रेनकोट घ्या. छत्री वाऱ्यात टिकत नाही. सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या घोट्याला चावतात आणि चार दिवस खाज सुटते. पाय झाकणारे कपडे आणि माश्यांचं मलम हवंच.

जेवणाचं आधी ठरवा

छोट्या गावांत हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठला बंद होतात. उशिरा पोहोचलेलं, भुकेलेलं कुटुंब आणि बंद दारं, हा अनुभव बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो. स्वयंपाकघर असलेलं मोटेल किंवा हॉलिडे पार्क निवडा, मोठ्या गावातल्या सुपरमार्केटमधून तांदूळ, डाळ, भाज्या घ्या. वरण-भात वीस-पंचवीस मिनिटांत होतो आणि थंडीत त्याची सर कशाला नाही.

पुण्याहून खाऊ नेताना मात्र काटेकोर राहा. तिथले जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. ताजी फळं, कढीपत्ता, मध, दुधाचे पदार्थ, पेढे-बर्फी नेऊ नका. पाकीटबंद बाकरवडी, मसाले, चहा असं जे काही नेताय त्यातली प्रत्येक गोष्ट प्रवेशाच्या डिक्लरेशनमध्ये लिहा. हा फॉर्म ऑनलाइन आणि मोफत भरता येतो. लिहिलं आणि त्यांना नको असलं तर ते वस्तू काढून घेतात, एवढंच. न लिहिता विमानातलं एक सफरचंद पिशवीत राहिलं तरी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. ट्रेकचे बूट घासून, तळाची माती काढून न्या, तेही तपासतात.

ट्रिप मध्येच बिघडू लागली तर

खुणा ओळखता येतात. सकाळी उठायचा कंटाळा, गाडीत शांतता, ठिकाणी पोहोचल्यावर पाच मिनिटांत "चला, पुढे". असं झालं की त्याच संध्याकाळी पुढचा कार्यक्रम समोर घ्या आणि एक मुक्काम कापा. कोणता कापायचा? ज्यात प्रत्येकाच्या 'एकच गोष्टी'तलं काही नाही तो. भरलेले पैसे गेले तर जाऊ द्या. ते वाचवायला आणखी चार तास गाडी चालवली तर पैसे परत येत नाहीत आणि पुढचा दिवसही जातो. म्हणूनच बुकिंग करताना, थोडं महाग पडलं तरी, फुकट रद्द करता येणारे मुक्काम घ्यावेत.

हवामानासाठी मेटसर्व्हिसचा अंदाज रोज संध्याकाळी पाहा. पश्चिमेला जोरदार पावसाचा इशारा असेल तर त्या बाजूला जाऊच नका. डिसेंबर २०१९ मध्ये दरडी कोसळून पश्चिम किनाऱ्याचा महामार्ग बंद पडला आणि पर्यटक अडकले होते. अशा वेळी वानाका किंवा टेकापोला एक रात्र वाढवा. प्रत्येक मुक्कामासाठी पावसातही जमेल अशी एक गोष्ट आधीच लिहून ठेवा. ते आनाउला काजव्यांसारखे चमकणारे किडे असलेल्या गुहा आहेत, पश्चिमेला पावसातच खुलणारं नेचांचं रान आहे.

परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी लांबचा टप्पा कधीच नको. ती रात्र विमानतळाच्या गावातच काढा. आणीबाणीत फोन नंबर १११, हा गाडीतल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

गाडी परत करताना

टाकी करारात लिहिल्याप्रमाणे भरा आणि पंपाची पावती ठेवा. समुद्राकाठची वाळू, चिखल झाडून टाका. साफसफाईचे वेगळे पैसे लावले जातात. सुरुवातीला काढला तसाच सलग व्हिडिओ पुन्हा काढा, शक्य असेल तर कर्मचाऱ्यासमोर, आणि 'नुकसान नाही' असं त्याच्याकडून लेखी घ्या. काउंटर बंद असल्यामुळे किल्ली पेटीत टाकायची वेळ आली, तर गाडी उभी केलेली जागा आणि वेळ दिसेल असा फोटो घ्या.

दक्षिण बेटावर टोलचे रस्ते नाहीत, पण वेगाचा किंवा पार्किंगचा दंड कंपनीमार्फत नंतर कार्डवर लावला जाऊ शकतो, वर त्यांचं प्रशासकीय शुल्कही. अडकवलेली अनामत सुटायलाही काही दिवस जातात. पुण्यात परतल्यावर पुढचे दोन महिने कार्डचं स्टेटमेंट ओळ न ओळ तपासा आणि दोन्ही व्हिडिओ तोवर फोनमधून पुसू नका.